हाताने काढलेला जिल्हा



या स्मरणिकेत आठवणी भरपूर असणार. सहलीच्या, गॅदरिंगच्या, मधल्या सुट्टीतल्या बोरा-चिंचांच्या. त्या माझ्यापेक्षा छान लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी एका विषयाचा इतिहास लिहायचे ठरवले. विषय भूगोल, आणि त्यातही नकाशा. पेशाने मी सॉफ्टवेअर अभियंता, भूगोलाची पदवी माझ्याकडे नाही. तरीही नकाशा शाळेत कसा शिकवला गेला, हा प्रश्न आपल्या भंडाऱ्यात विशेष महत्त्वाचा आहे असे मला वाटते. तिसरीच्या पुस्तकात आपण जो जिल्हा पाठ केला, तो त्या आकारात आज उरलेला नाही.

आपण शिकलो त्या भंडारा जिल्ह्यात गोंदिया होते, तिरोडा होते, आमगाव, देवरी, सालेकसा होते. नवेगावबांध आणि नागझिरा ही तर आपल्या जिल्ह्याची शान म्हणून लिहायची ठिकाणे होती. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. आज आपल्याकडे भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे ७ तालुके आहेत, तर गोंदियाकडे ८. जरा मागे गेलो तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. राज्याचेही तेच. आपल्या आजोबांच्या पिढीतला माणूस भंडाऱ्यातल्या एकाच घरात राहून आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, १९५० मध्ये मध्य प्रदेशात गेला, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. घराचा उंबरठा जागचा हलला नाही, नकाशा मात्र तीनदा बदलला.

अशा ठिकाणच्या मुलांनी नकाशा पाठ करून काय मिळवायचे? पाठ केलेला नकाशा शासनाच्या एका अधिसूचनेने जुना होतो. मापून, हाताने काढायला शिकलेला नकाशा जुना होत नाही, कारण नवा काढता येतो. ही रीत कुठून आली आणि आपल्या जिल्ह्यात तिचे काय मोल आहे, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी आपल्या वेळची व्यवस्था आठवू. पाठ्यपुस्तके बालभारतीची. ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाली. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पुढे भारत आणि मग जग, असा क्रम होता. जवळून दूर जायचे, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व उत्तम, पण वर्गात त्याचे रूप बहुतेक ठिकाणी एकच असे. काठीला गुंडाळलेला मोठा नकाशा खिळ्याला टांगायचा, गुरुजींनी छडीने ठिकाण दाखवायचे आणि मुलांनी एका सुरात नाव म्हणायचे. पुढच्या वर्गांत प्लास्टिकची स्टेन्सिल आली. तिच्या कडेने पेन्सिल फिरवली की महाराष्ट्र तयार. मग आराखड्यात ठिकाणे भरायची, बाजूला सूची करायची, आणि पेपरमधले गुण पदरात पाडून घ्यायचे. स्टेन्सिलने नकाशा देखणा येतो, यात वाद नाही. फक्त तो काढताना एकदाही काही मोजावे लागत नाही.

आपल्या भूगोलाच्या बाईंची रीत मात्र वेगळी होती. त्यांनी पहिला नकाशा काढायला लावला तो आपल्याच वर्गाचा. चार-चार मुलांचे गट केले, वर्गाची लांबी-रुंदी पावलांनी मोजायला सांगितली आणि एक पाऊल म्हणजे वहीवरचा एक चौकोन असे ठरवून दिले. दार, खिडक्या, फळा, टेबल सगळे आपापल्या जागी दाखवायचे. अर्ध्या तासाने एकाच वर्गाचे बारा नकाशे तयार झाले आणि बाराही वेगळे. उंच मुलांच्या गटाचा वर्ग लहान, ठेंगण्या मुलांच्या गटाचा मोठा! भांडण जुंपले तेव्हा बाईंनी मोजपट्टीची फीत काढली. सगळ्यांनी मान्य केलेले एकच माप असल्याशिवाय नकाशा होत नाही, हे त्या तासाला व्याख्येविना समजले.

तेच भांडण इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. जमीन मोजायची कोणाच्या मापाने, आणि काढलेली रेघ कोणी मान्य करायची? इंग्रजी अमदानीत आपल्याकडे जमाबंदीसाठी गावोगावची मोजणी झाली. मोजणीची साखळी ६६ फुटांची, तिच्यात १०० कड्या. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. हिशेब तोंडी व्हावा म्हणून माप असे बेतलेले होते. मध्यप्रांतातल्या गावांचे नकाशे मैलाला १६ इंच या प्रमाणावर काढत, म्हणजे कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे ३३० फूट, बरोबर पाच साखळ्या. पटवाऱ्याकडचा जुना गावनकाशा तुमच्यापैकी अनेकांनी शेतीच्या कामात पाहिला असेल. त्यावरची प्रत्येक बांधी, प्रत्येक धुरा, प्रत्येक बोडी कुणीतरी पायी फिरून मोजलेली आहे. नकाशाच्या जोडीला वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक असे. गावकऱ्यांनी सरपण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, तलावाचे पाणी कोणी कसे घ्यायचे, याच्या नोंदी त्यात. म्हणजे आपल्या भागात नकाशा हा आधीपासूनच हक्काचा कागद आहे. तो वाचता येणारा आणि न येणारा यांत फरक पडतोच.

गावनकाशे काढण्याआधी साऱ्या देशाचा सांगाडा मापून झाला होता. १८०२ मध्ये विल्यम लॅम्टन यांनी मद्रासजवळ एक आधाररेषा जमिनीवर मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत ते उत्तरेकडे निघाले. दोन दशके हे काम करत ते आपल्या विदर्भापर्यंत पोचले आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. नागपूरचा झिरो माइलचा स्तंभ आपण सहलीत पाहिला आहे. भारताचा मध्यबिंदू म्हणून त्याच्यापुढे उभे राहून फोटोही काढले आहेत. त्याच्याजवळचा दगड या सर्वेक्षणातला उंचीचा प्रमाण दगड आहे, १९०७ सालचा. समुद्रसपाटीपासून ही जागा किती उंच, हे नेमके ठरवून ठेवायचे आणि आजूबाजूच्या साऱ्या उंच्या त्यावरून मोजत न्यायच्या, हा त्याचा उपयोग. ही उंचीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता शाळेकडे वळू. मुलांनी स्वतः मोजून नकाशा काढावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही, आणि परका तर अजिबात नाही. भंडाऱ्याहून नागपूर साठ-एक किलोमीटर आणि तिथून तेवढ्याच अंतरापेक्षा जरा पुढे वर्धा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. नई तालीम म्हटले की आपल्याला टकळी आणि सूत आठवते. पण त्या अहवालातला भूगोलाचा अभ्यासक्रम वाचला की थक्क व्हायला होते. मुलांनी दुपारच्या सूर्याची उंची वर्षभर पाहावी, वाऱ्याची दिशा आणि महिन्यामहिन्याचा पाऊस नोंदवावा, शाळेच्या परिसराचे आराखडे स्वतः काढावेत, नकाशातल्या सांकेतिक खुणा ओळखाव्यात, पृथ्वीगोल हाताळावा, नकाशासंग्रह आणि त्याची सूची वापरायला शिकावे, असे त्यात सुचवलेले आहे. हे सारे खेड्यातल्या शाळेसाठी, आणि बहुतेक उघड्यावर करायचे.

भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि याच प्रांतात पंडित रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजनाही त्याच सुमारास पुढे आली. १९३९ च्या अखेरीस प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हा प्रयोग ऐन उमेदीत अडला. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा निघाल्या, काही काळ चालल्या, हळूहळू नेहमीच्या शाळांत मिसळून गेल्या. सूतकताई गेली तशी सूर्याची सावली मोजणेही गेले. मग २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, हे पहिले सूत्र म्हणून पुन्हा मांडावे लागले. मधल्या सत्तर वर्षांत ही रीत जिवंत राहिली ती कुठल्या योजनेमुळे नव्हे. अभ्यासक्रम पुरा करून, पेपर तपासून, जनगणनेची आणि निवडणुकीची कामे उरकून वर जे शिक्षक मुलांना मैदानात नेत राहिले, त्यांच्यामुळे ती राहिली. आपल्या बाई त्यांतल्या एक.

मातीच्या नकाशाचा उगम तर आणखी जुना. स्वित्झर्लंडमध्ये इव्हेर्दों गावी १८०५ पासून पेस्टालोझी यांची शाळा होती. तिथली मुले आधी जवळच्या खोऱ्यात फिरायला जात, येताना तिथली चिकणमाती घेऊन येत, आणि मोठ्या टेबलांवर पाहिलेल्या खोऱ्याची प्रतिकृती करत. दर खेपेला थोडा पुढचा भाग पाहायचा, मातीत वाढवायचा. खोरे पूर्ण झाल्यावरच त्यांच्यापुढे नकाशा ठेवला जाई. आधुनिक भूगोलशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतात ते कार्ल रिटर ही शाळा पाहायला गेले होते, आणि आपण भूगोल पेस्टालोझींकडून शिकलो असे ते मानत.

आपल्या भागात चिकणमातीसाठी कोणाला लांब जायला नको. धानाच्या बांधीतली माती हातात घेतली की तिचा आकार होतो. आपण केलेला जिल्ह्याचा नकाशा आठवा. उत्तरेला तुमसरकडे सातपुड्याचे आणि आंबागडचे डोंगर, पूर्वेला गायखुरीच्या रांगा, मधून वैनगंगा. वैनगंगेसाठी निळी लोकर, मँगनीजच्या चिखला आणि डोंगरी बुजरूक खाणींसाठी काळे खडे, भंडारा रोड स्टेशन असलेल्या वरठीवरून जाणाऱ्या रेल्वेसाठी सुतळी. मग बाई हातात तांब्या घेत आणि उत्तरेच्या टोकाला पाणी ओतत. पाणी नदीच्या वाटेने पवनीकडे वाहत गेले तर नकाशा पास. भलतीकडे गेले तर माती पुन्हा थापायची. आज माझ्या कामात प्रोग्राम लिहिला की आधी त्याची चाचणी घ्यावी लागते. चाचणी म्हणजे काय, हे त्या तांब्याइतके स्वच्छ मला नंतर कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही.

सूर्याच्या सावलीचा प्रयोग करायला तर काठी आणि खडू एवढेच लागते. भंडारा साधारण २१ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७९ अंश ३९ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. आपले घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे रेखांशावरच्या वेळेने चालते. एका अंशाला चार मिनिटे धरली तर भंडाऱ्याची खरी दुपार सरासरीने १२ वाजून ११ मिनिटांच्या सुमारास होते, ऋतूप्रमाणे थोडी मागेपुढे. मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करायची आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. सर्वांत आखूड सावली ही भंडाऱ्याची दुपार, आणि त्या सावलीची रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण रेषा. तिला होकायंत्र लागत नाही.

ही सावली वर्षभर मोजली तर काय दिसते? २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास ती ३९ सेंटीमीटर भरते. कागदावर १० सेंटीमीटर उभी आणि ३.९ सेंटीमीटर आडवी रेघ काढून काटकोन त्रिकोण पुरा करा, वरच्या टोकाशी कोनमापक लावा. कोन येतो २१ अंशांचा. हाच आपल्या गावाचा अक्षांश! पुस्तक न उघडता, वीस रुपयांच्या कंपासपेटीने काढलेला. २२ डिसेंबरला सावली जवळजवळ काठीएवढीच होते, मीटरला फक्त एक-दीड सेंटीमीटर कमी. आणि मे महिन्याच्या २६ तारखेच्या आसपास दुपारी ती पायाखाली नाहीशी होते, कारण सूर्य थेट डोक्यावर येतो. आपल्याकडचा नवतपा याच दिवसांत लागतो. आजी सांगायची तो नवतपा आणि पुस्तकातला सूर्याचा लंबरूप किरण ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे मुलांना एका काठीने दाखवता येते. तेव्हा शाळेला सुट्टी असते ही एवढीच अडचण. पण उन्हाळ्यात अंगणात काठी रोवायला कोण अडवणार?

आता उंचीकडे येऊ. आपल्या जिल्ह्याचे भविष्य ज्या रेषेने बदलले, ती रेषा उंचीची आहे.

समोच्च रेषा हा नववी-दहावीत सगळ्यांना नकोसा वाटणारा धडा. समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, अशी व्याख्या पाठ व्हायची. डोळ्यांपुढे मात्र काहीच यायचे नाही. तो शिकवायची सोपी रीत अशी. घमेल्यात मोठा ओबडधोबड दगड ठेवायचा. एक सेंटीमीटर पाणी भरायचे, पाणी दगडाला जिथे टेकते तिथे खडूने रेघ मारायची. आणखी एक सेंटीमीटर पाणी, आणखी एक रेघ. दगड बुडेपर्यंत हे करायचे, मग पाणी काढून वरून पाहायचे. जिथे रेघा दाट तिथे कडा उभी, जिथे विरळ तिथे उतार सौम्य. तलावांच्या जिल्ह्यातल्या मुलांना तर घमेलेही नको. कोहळी समाजातल्या जुन्या जाणत्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव आपल्याकडे गावोगाव आहेत. तलावाची पाळ कुठे घातली तर पाणी कुठवर पसरेल, हे त्यांनी नकाशाशिवाय, उतार पाहून ठरवले होते. भरलेल्या तलावाचा काठ म्हणजे जमिनीवर निसर्गाने काढलेली समोच्च रेषा. दिवाळीनंतर पाणी उतरत जाते तशी चिखलावर एकाआत एक वलये राहतात. उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर उभे राहून पाहिले की अख्खा धडा समोर पसरलेला असतो.

आपण हा धडा शिकत होतो त्याच वर्षांत पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाचे काम सुरू होते. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. धरणाची पूर्ण संचय पातळी ठरली समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर. याचा अर्थ घमेल्यातल्या दगडावरून लगेच समजतो. धरण भरले की २४५.५ मीटरची समोच्च रेषा हा पाण्याचा काठ होणार. ती रेषा कोणाच्या बांधीतून, कोणाच्या अंगणातून, कोणत्या देवळाच्या पायरीवरून जाते, यावर कोणते गाव उठणार आणि कोणते राहणार हे ठरले. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावे त्या रेषेच्या आत सापडली. आपल्या वर्गातही त्या गावांतून येणारी मुले होती. पुनर्वसन, मोबदला, पर्यायी जमीन यांचे प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळले, हे आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे.

यात एक बारकावा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. भंडारा शहराचा नकाशा ५५ ओ/१२ या क्रमांकाचा. त्यावर २४० ची रेषा सापडेल, २६० ची सापडेल. २४५.५ ची रेषा छापलेली नसते. ती जमिनीवर जाऊन, लेव्हल यंत्र लावून, खुणेचे दगड रोवून ठरवावी लागते. ज्या गावात एखाद्याला समोच्च रेषा वाचता येत होती, तिथे मोजणीला आलेल्या अधिकाऱ्याला "हा दगड इथे कसा?" असे विचारता येणार होते. ज्या गावात कोणालाच येत नव्हती, तिथे दगड दिसेल तो खरा मानावा लागणार. धरणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच्या पाण्याने भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या शेतीला आधार दिला आहे. मुद्दा एवढाच, की कमी गुणांचा म्हणून आपण ऑप्शनला टाकत होतो त्या धड्यावर शेजारच्या बाकावरच्या मुलीचे घर अवलंबून होते.

पाणी नकाशावरून वाचता येणे आजही तितकेच गरजेचे आहे. नागपुरातून निघालेली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, आणि ते पाणी गोसेखुर्दच्या जलाशयात येऊन थांबते. नागपूरच्या नळाखालचे भांडे आणि पवनीकडचा मासेमार यांचा संबंध नकाशावर एक बोट फिरवले की उलगडतो. तसेच वरच्या अंगाचे. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते आणि बालाघाटवरून आपल्याकडे येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा आपल्याकडे पडलेल्या पावसापेक्षा वरच्या बाजूचा पाऊस आणि धरणांतून सोडलेले पाणी यांचा वाटा मोठा होता. दर पावसाळ्यात कारधा पुलाजवळची पातळी बातम्यांत मीटरमध्ये सांगतात. २४५ मीटर म्हणजे नदीची खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची, हे ज्याला कळते त्याला पुढचा प्रश्न सुचतो: माझ्या घराचा ओटा किती मीटरवर आहे?

फोनमध्ये नकाशा असताना हे कशाला, असे आपली मुले विचारतात. माझीही विचारतात. फोनवरचा नकाशा मलाही लागतो, आणि तो कसा चालतो ते मला कामामुळे ठाऊक आहे. तो लहान-लहान चौकोनी तुकडे जोडून तयार होतो, दोन बोटांनी ओढला की प्रमाण बदलते, आणि निळा ठिपका कायम मध्यभागी ठेवतो. रस्ता सापडायला याहून चांगले साधन नाही. पण प्रमाण सतत बदलत असल्याने ते विचारायची सवयच लागत नाही, आणि स्वतःची जागा शोधायचे काम नकाशानेच करून टाकलेले असते. पावलांनी वर्ग मोजलेल्या मुलाला हेच साधन दुप्पट उपयोगी पडते, कारण त्यात काय दिसत नाही तेही त्याला कळते. एकेकाळी मिळायला अवघड असणारे सर्वेक्षण विभागाचे नकाशे २०१७ पासून विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळू लागले, आणि २०२१ च्या केंद्राच्या धोरणाने नकाशे काढण्यावरची अनेक बंधने उठवली. आता साधनांची अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती तासाची, आणि एका वर्गातल्या साठ मुलांना मैदानात सांभाळणाऱ्या जास्तीच्या दोन हातांची.

तिथे आपण उपयोगी पडू शकतो. या मेळाव्याच्या निमित्ताने माझा एक प्रस्ताव आहे, तो सर्वांनी विचारात घ्यावा. शाळेला भेट म्हणून पंखे, कपाट, पाण्याची टाकी द्यायची चर्चा चालू आहे. त्या जरूर द्याव्यात. त्याबरोबर तीन गोष्टी कराव्यात, ज्यांना खर्च फार नाही. मैदानात एक मीटर उंचीचा पक्का खांब रोवून त्याभोवती सिमेंटचा ओटा करावा, म्हणजे मुलांना वर्षभर सावलीच्या खुणा करता येतील. शाळेच्या एका भिंतीवर समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये रंगवून घ्यावी. आपल्यातले स्थापत्य अभियंते लेव्हल यंत्राने ती एका सकाळी काढून देतील. तिच्या शेजारी कारध्याची धोक्याची पातळी, गोसेखुर्दची २४५.५ आणि २०२० च्या पुराची पातळी याही रेघा माराव्यात. आणि तिसरी गोष्ट, वर्षातून एक दिवस आपल्यापैकी चौघा-पाचजणांनी शाळेत जाऊन मुलांना घेऊन एका तलावाचा नकाशा काढावा. महाराष्ट्रात १४ जानेवारी हा भूगोल दिन म्हणून पाळतात. ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ प्रा. सी. डी. देशपांडे यांचा तो जन्मदिवस. संक्रांतीला आपण तसेही गावी येतोच.

सात तालुक्यांतले सात तलाव निवडले तर सात वर्षांचे काम आहे. लाखनी आणि साकोलीकडच्यांनी आपापल्या भागातला एकेक तलाव सुचवावा, पवनीकडच्यांनी जलाशयाच्या काठचा एक. साखळी, फीत, काठी आणि तांब्या मी आणते. पहिल्या तलावाचे नाव या मेळाव्यातच ठरवून टाकू.